पिंजऱ्यातला गॅस डिटेक्टर

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढं रामायण झालं ते सगळ्यांना आठवत असेल. उच्च न्यायालय, महापालिका, ताडपत्री, ताडपत्री काढणारे, घोषणा देणारे... महिनाभर प्रत्येक कट्ट्यावर एकच विषय! पक्ष्यांमुळे माणसाच्या फुफ्फुसांचं काय होतं? प्रश्न खोटा नव्हता. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर काही जणांच्या फुफ्फुसांना कायमची इजा होते, हे डॉक्टर सांगत आलेच आहेत.

पण मित्रांनो, दादरपासून दोनच स्टेशनांवर असलेल्या आमच्या माहीममध्ये मला त्याच्या अगदी उलटा प्रश्न पडला. माणसामुळे पक्ष्याच्या फुफ्फुसांचं काय होतं? यावर मोर्चा सोडा, साधी चर्चासुद्धा होत नाही. कारण हे पक्षी चौकात बसत नाहीत. ते आपल्या घरात, पिंजऱ्यात, स्वयंपाकाच्या ओट्यापासून चार हातांवर टांगलेले असतात.

माहीमच्या चाळीतली खोली म्हणजे साधारण दहा बाय बारा. त्यातच ओटा, त्यातच मोरी, वर पोटमाळा. हल्ली मोरीच्या डोक्यावर गॅस गीझरही आलाय. अशा घरात मुलांच्या हट्टापायी क्रॉफर्ड मार्केटमधून हिरव्या-निळ्या पक्ष्यांची जोडी येते. (आपण त्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो, पण त्यातले बहुतेक बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, तेव्हा त्याचा विषयच नको.) आता पिंजरा ठेवायचा कुठे? खाली मांजर, गॅलरीत कावळे. मग छताच्या हुकाला, उंचावर! गरम हवा वर जाते हे आपण आठवीत शिकलो. फोडणीचा धूर, गीझरचा जळका वायू, उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल, सगळं जिथे आधी जाऊन साठतं ती खोलीतली सर्वात वाईट जागा आपण त्या बिचाऱ्यांना देतो, आणि वर म्हणतो, "बघ, किती सेफ ठेवलंय!"

हा विषय आता कॉलेजच्या मासिकात कशाला, असं काहींना वाटेल. त्याचं कारण आपल्याच हॉस्टेलवर घडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या एका रूममध्ये बजरीगरची जोडी सापडली आणि नोटीस लागली: हॉस्टेलमध्ये पशुपक्षी पाळण्यास मनाई, कारण अस्वच्छता. लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते, पक्षी बाहेर काढा, वास येतो. दुसरी म्हणते, घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना तेवढाच विरंगुळा, राहू द्या की! मी डे-स्कॉलर असलो तरी सबमिशनच्या दिवसांत अर्धा संसार हॉस्टेलवरच असतो, त्यामुळे दोन्ही बाजू भरपूर ऐकल्या. माझं मत विचाराल तर पक्षी तिथून जायलाच हवेत. पण नोटिशीत लिहिलंय त्या कारणासाठी नाही. ते आपल्याला त्रास देतात म्हणून नाही, तर आपण त्यांना मारू म्हणून.

अतिशयोक्ती वाटते? मग जरा पक्ष्याच्या श्वासाचं मेकॅनिझम बघू या. आपल्या फुफ्फुसात हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्याचं तसं नाही. त्याची फुफ्फुसं जवळजवळ ताठ असतात, फुगत-आटत नाहीत. ते काम करतात शरीरात पसरलेल्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत नऊ. भात्यासारख्या या पिशव्या हवा अशी फिरवतात की फुफ्फुसातून ती एकाच दिशेने वाहते. पक्षी श्वास घेत असो की सोडत असो, दोन्ही वेळी ताजी हवा फुफ्फुसातून जात असते. एकदा आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडायला दोन श्वास लागतात. शिवाय हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा आपल्यापेक्षा कितीतरी पातळ. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर अप्रतिम एफिशियन्सीचा एक्स्चेंजर!

हिवाळ्यात जायकवाडीला येणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात. जिथे गिर्यारोहकाला धाप लागते त्या विरळ हवेत ते पंख मारतात, त्यामागे याच यंत्रणेचा मोठा हात आहे. पण एक्स्चेंजरला प्राणवायू कोणता आणि विष कोणतं हे कळत नाही. जे हवेत असेल ते तो तितक्याच तत्परतेने रक्तात पोचवतो. त्यात बजरीगरचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. आपल्याला नुसता ठसका लागेल तेवढ्या विषारी हवेत त्याचा खेळ खलास.

कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळली होती. खाणीतल्या स्फोटानंतर माणसं मरतात ती बरेचदा कार्बन मोनॉक्साइडने, हे जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात दाखवलं. या वायूला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून हाल्डेनने सुचवलं की सोबत छोटा प्राणी किंवा पक्षी न्यावा. त्यातून ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी आले. कॅनरी दांडीवरून पडला की माणसांनी मागे फिरायचं. १९८६ च्या अखेरीस तिथल्या सरकारने जाहीर केलं की आता ही नोकरी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर करेल, तेव्हा दोनशेहून जास्त कॅनरी कामावरून सुटले. आणि एक गंमत ऐका. यातल्या काही पिंजऱ्यांवर छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर बसवलेला असायचा. पक्षी कोसळला की झडप बंद करून त्याला प्राणवायू द्यायचा आणि शुद्धीवर आणायचा. खाणीत राबणाऱ्या माणसांना जे सुचलं ते आपल्याला सुचत नाही. आपण पक्ष्याला खाणीत नेऊन ठेवतो, फक्त ती खाण आपल्या घरात आहे हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता या घरातल्या खाणीत काय काय आहे ते बघू.

पहिला नंबर नॉनस्टिकचा. त्या काळ्या गुळगुळीत थराचं नाव पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, थोडक्यात पीटीएफई. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीत रॉय प्लंकेट रेफ्रिजरेशनच्या वायूंवर काम करताना तो अपघाताने सापडला. टेफ्लॉन हे त्याचंच व्यापारी नाव. साध्या आचेवर तो अतिशय शांत पदार्थ आहे, कशाशीच भांडत नाही. पण साधारण २८० अंश सेल्सिअसच्या पुढे तो तुटू लागतो आणि त्यातून निघणारे वायू आणि अतिसूक्ष्म कण पक्ष्याच्या फुफ्फुसात रक्तस्राव घडवतात. पुष्कळदा काही मिनिटांत मरण येतं. माणसाला त्याच वाफेने फार तर थंडीताप येतो. त्याला 'पॉलिमर फ्यूम फीव्हर' असं नाव आहे आणि तो एक-दोन दिवसांत उतरतो.

२८० अंश म्हणजे खूप झाले, असं वाटेल. भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या आसपासच राहतं. तेल असेल तर बहुतेक तेलं २०० ते २५० अंशांच्या दरम्यान धूर सोडून आपल्याला इशारा देतात. (तो धूरही पक्ष्याला वाईटच.) पण रिकामा तवा? तो मोठ्या आचेवर काही मिनिटांत ती मर्यादा ओलांडतो, आणि धड धूर नाही की वास नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे हेच झालं. सकाळी घावनं घालायला त्यांनी तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. मुंबईत पाणी आलं की बाकी सगळं थांबतं हे सांगायला नको! पिंप, कळश्या, बादल्या भरून त्या परत आल्या तोवर हुकाला टांगलेल्या पिंजऱ्यात दोन्ही पक्षी तळाला पडलेले. एक गेलेला, दुसरा चोच उघडून धापा टाकत होता. तोही अर्ध्या तासात गेला. मजल्यावर चर्चा काय झाली? कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं रात्री मांजराने घाबरवलं असेल, कुणी दुकानदाराला शिव्या घातल्या की आजारी जोडी दिली. तव्याकडे कुणीच बघितलं नाही. काकूंच्या मुलाने पुढच्या रविवारी त्याच हुकाला नवी जोडी आणली. मला खरी चीड येते ती इथे. पहिली जोडी अज्ञानाने गेली हे समजू शकतं. पण कारण न शोधता दुसरी आणणं म्हणजे बल्ब उडाला की वायरिंग न तपासता नवा बल्ब लावत राहणं!

पॅनच्या खोक्यावर हल्ली 'पीएफओए फ्री' असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून निश्चिंत होऊ नका. पीएफओए हे कोटिंग बनवताना वापरलं जाणारं वेगळं रसायन. ते नाही म्हणून पीटीएफई नाही असा अर्थ होत नाही. हेच कोटिंग सँडविच टोस्टरमध्ये, काही इस्त्र्यांच्या तळाला आणि बऱ्याच एअर फ्रायरमध्येही असतं. हॉस्टेलच्या मंडळींनी विशेष नोंद घ्यावी, कारण चोरून आणलेल्या इंडक्शनवर चोरून आणलेलं नॉनस्टिक पातेलं ठेवून मॅगीचं पाणी आटेपर्यंत गेम खेळत बसणं हा आपला राष्ट्रीय उद्योग आहे.

दुसरा नंबर मच्छर कॉइलचा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजमाप केलं होतं. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले! आपण दारं-खिडक्या बंद करून, पंखा लावून, पलंगाखाली ती पेटवतो आणि आठ तास झोपतो. हॉस्टेलवर सिगारेट सापडली तर दंड, आणि कॉइल मात्र स्टोअरमध्ये विकत मिळते. हा न्याय मला तरी कळलेला नाही.

बाकीची यादी मोठी आहे. खोलीत मारलेला डिओ आणि रूम फ्रेशनर. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. गणपती-दिवाळीच्या आधी काढलेला ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन. पेस्ट कंट्रोलची फवारणी. संडास चकाचक करायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतणं. यातून क्लोरीन वायू निघतो, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला तोच. हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गीझर. त्यातून खाणीतला तोच कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. आणि आपल्या शाखेचं खास योगदान म्हणजे प्रोजेक्टच्या आदल्या रात्री रूमवर चाललेलं सोल्डरिंग. त्यात दिसणारा पांढरा धूर राळेच्या फ्लक्सचा असतो आणि त्याने माणसालाही दमा होऊ शकतो. मग ३० ग्रॅमच्या जिवाचं काय?

धुराचं आणि माहीमचं नातं जुनं आहे. चर्चबाहेर बुधवारी मेणबत्त्या, दर्ग्यात लोबान, शितळादेवीला धूप-कापूर. सगळ्यांच्याच भक्तीचा सुगंध धुरातून वर जातो. त्याबद्दल कुणाला उपदेश करण्याची माझी लायकी नाही आणि इच्छाही नाही. तिथे मोकळं आकाश आहे. धूप देवळात लागला तर बाहेरची चिमणी उडून जाते. खाडीच्या काठाला, जुन्या डंपिंगच्या जागेवर वाढवलेलं आणि १९९४ मध्ये लोकांसाठी उघडलेलं माहीम निसर्ग उद्यान आहे. तिथल्या पक्ष्याला हवा आवडली नाही तर तो दुसऱ्या झाडावर जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला मात्र ना उडता येतं, ना खिडकी उघडता येते, ना "जरा एक्झॉस्ट लाव" म्हणता येतं. त्याची हवा पूर्णपणे आपण ठरवतो. म्हणूनच तिची जबाबदारीही पूर्णपणे आपली.

यावर दोन आक्षेप मला हमखास ऐकू येतात. पहिला: "आमच्या आजीकडे वीस वर्षं पक्षी होते, चूल होती, काही झालं नाही." असेलही. पण आजीच्या वाड्यात कौलांतून धूर बाहेर जात होता, पिंजरा ओसरीवर होता आणि नॉनस्टिक तवा जन्माला आला असला तरी कोकणात पोचला नव्हता! आजची खोली स्लॅबची, खिडकी स्लाइडिंगची, आणि तीही एसीसाठी बंद.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "मग डास चावू द्यायचे का? मलेरिया, डेंग्यूने माणसं मरतात, तुला पक्ष्यांची पडलीय!" अजिबात नाही. डास मारायलाच हवेत. पण त्याचा सगळ्यात जुना, स्वस्त आणि बिनधुराचा उपाय म्हणजे मच्छरदाणी. त्यानंतर खिडक्यांना जाळी, आणि गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं. हे केलं तर कॉइलची गरज पक्ष्यालाही नको आणि आपल्यालाही नको. आपण जाळीचा खर्च वाचवतो आणि तो आपल्या फुफ्फुसांकडून वसूल होतो, इतकंच.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: आधी हवा, मग पक्षी. ज्या खोलीत स्वयंपाक होतो आणि ज्या खोलीत कॉइल जळते, त्या खोलीत पक्षी ठेवू नये. घरात दुसरी खोलीच नसेल तर पक्षी आणूच नये. हे ऐकायला कठोर वाटेल. एका खोलीत राहणाऱ्यांनी हौस करायची नाही का, असंही कुणी म्हणेल. मीही एकाच खोलीत राहतो. पण हौस आपली आणि मरण त्याचं, हा सौदा बरोबर नाही. लहान मुलांना पक्षी दाखवायचे असतील तर निसर्ग उद्यान पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

ज्यांच्याकडे पक्षी आधीच आहेत त्यांनी काय करावं? पिंजरा ओट्यापासून शक्य तितका दूर, उजेडाच्या खिडकीजवळ, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा, छताला नको. स्वयंपाकाला लोखंडी तवा, बिडाचं किंवा स्टीलचं भांडं वापरा. घावनं बिडावर जास्त चांगली होतात हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा. नॉनस्टिक वापरायचंच असेल तर ते रिकामं तापवू नका आणि गॅस सोडून हलू नका, नळाला पाणी आलं तर आधी गॅस बंद. रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तर पक्षी काही दिवस नातेवाइकांकडे पाठवा. दुपारनंतर आपल्याकडे समुद्राचा वारा येतो, तेव्हा समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. फुकटचा एक्झॉस्ट!

पक्षी अचानक शेपटी हलवत, चोच उघडून श्वास घेऊ लागला, दांडीवर तोल जाऊ लागला तर ताबडतोब त्याला मोकळ्या हवेत न्या, उबदार आणि शांत ठेवा, तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका आणि डॉक्टर गाठा. परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, लोक ज्याला 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात ते जनावरांचं रुग्णालय आहे. तिथल्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. माहीमहून टॅक्सीने फार वेळ लागत नाही. आणि डॉक्टरांना सांगताना "काल काय खाल्लं" एवढंच सांगू नका, "आज घरात काय जळलं" तेही सांगा.

आता पुन्हा हॉस्टेलच्या नोटिशीकडे. त्या जोडीला ज्यांच्या घरी वेगळी, हवेशीर खोली आहे अशा एखाद्या दिवसा येणाऱ्या मित्राने न्यावं, असं मी त्या रूममेट्सना सुचवलंय. ते तयार आहेत. पण रेक्टर सर, वॉर्डन मॅडम, एक नम्र विनंती आहे. पक्षी गेल्यावर फाइल बंद करू नका. ज्या हवेत ३५ ग्रॅमचा जीव राहू शकत नाही, त्याच हवेत तिघे-तिघे विद्यार्थी चार वर्षं झोपतात. आम्ही दांडीवरून पडत नाही, एवढाच फरक. आम्ही फक्त खोकतो आणि त्याला 'व्हायरल' म्हणतो. तेव्हा प्रत्येक खिडकीला डासांची जाळी, स्टोअरमध्ये कॉइलऐवजी मच्छरदाणी आणि सोल्डरिंगसाठी रात्री नऊपर्यंत उघडी, एक्झॉस्ट असलेली लॅब, एवढ्या तीन गोष्टी या वर्षीच्या मेंटेनन्सच्या बजेटमध्ये बसवता येतील का? जाळीचं माप घ्यायला आणि एस्टिमेट काढायला सिव्हिलची पोरं तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.